बिनकाकडाची वाटी

आईंनी "छान झालंय" म्हटलं आणि मी हातातली पोळी खाली ठेवली.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, हेमलता टिपणीस. मला या घरात येऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत या बाईंनी माझ्या हातच्या एकाही पदार्थाला 'छान' म्हटलं नव्हतं. "खाण्यासारखं आहे" हे त्यांचं सगळ्यात मोठं बक्षीस, आणि तेही दिवाळीसारखं वर्षातून एकदा. एरवी ठरलेलं असायचं. खोबरं कच्चं राहिलंय, कांद्याची घाई केलीस, मीठ पाव चिमूट कमी आहे. पाव चिमूट! मी इचलकरंजीची. आमच्याकडं मीठ मुठीनं पडतं. प्रेमात पडून कायस्थांच्या घरात आले आणि आल्या आल्या कळलं की इथं स्वयंपाक म्हणजे बोर्डाची परीक्षा. पहिली दोन वर्षं मी रडले, पुढची काही भांडले, आणि भांडता भांडता आमचं दोघींचं जमून गेलं. माझी स्वतःची आई मी शाळेत असतानाच गेली होती. मला हक्कानं रागावणारं माणूस मिळालं ते लग्नानंतरच.

त्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. शनिवारचं मटण उरलं होतं. ते हाडांवरून सोडवून, बारीक कापून मी दुधीच्या भाजीत घातलं होतं. आईंनी पहिला घास घेतला, शांतपणे चावला आणि ते वाक्य बोलल्या.

मी घाईघाईनं एक घास तोंडात टाकला. मीठ नव्हतं. कमी नाही हो, नव्हतंच. घालायचंच राहिलं होतं.

"आई, मीठ कसं आहे?"

"बरोबर आहे की."

"पाव चिमूटसुद्धा कमी नाही?"

"जेव तू. गार होतंय."

मी त्यांच्याकडं बघत बसले. फेब्रुवारीत त्यांना साथीचा ताप येऊन गेला होता. ताप गेला, खोकला गेला, पण जेवण जे तुटलं ते तुटलंच. ब्लाउज खांद्यांवरून ओघळायला लागले. आम्ही म्हणायचो, अशक्तपणा आहे, होईल हळूहळू. आणि तेव्हापासूनच त्यांनी मला नावं ठेवणं बंद केलं होतं. मला वेडीला वाटलं, वय झालं की माणूस निवळतं.

"आई, डोळे मिटा."

"का?"

"मिटा तर खरं."

"शैलजा, मला असले पोरखेळ आवडत नाहीत."

"मिटा म्हणते ना!"

माझा आवाज चढला की त्या सहसा दुप्पट चढवायच्या. त्या दिवशी गुमान डोळे मिटले. मी चमचाभर दही भरवलं.

"पेज," त्या म्हणाल्या.

मग लिंबाच्या लोणच्याची एक फोड दिली. त्या चावत राहिल्या, कपाळाला आठ्या पडल्या. "काकडी? कुठली तरी जून काकडी."

मग गुळाचा खडा दिला. त्यांनी तो जिभेवर बराच वेळ घोळवला.

"गूळ आहे तो, आई."

त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. मिटल्या डोळ्यांतूनच पाणी खाली आलं.

"तापापासून," त्या म्हणाल्या. "वास नाही, चव नाही. सगळं ओल्या कागदासारखं लागतं. किती चावायचा माणसानं कागद?"

ही बाई कोण होती ते सांगायला हवं. टिपणीस, गुप्ते, चौबळ, कुणाच्याही घरचं कार्य असो, आचारी रश्श्याचे दोन थेंब आधी आईंच्या तळहातावर ठेवायचा. त्या ते जिभेला लावायच्या आणि अख्खा मांडव त्यांच्या तोंडाकडं बघत थांबायचा. त्या म्हणाल्या की धने पुढे गेलेत, तर गेलेतच. त्यावर अपील नव्हतं.

"हर्षदला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. हर्षद माझा नवरा. "आणि मृणालला तर मुळीच नाही."

मृणालताई माझ्या थोरल्या नणंद. बडोद्याला असतात.

"का पण?"

"घेऊन जाईल ती मला. तिच्या सोसायटीत अंडंसुद्धा शिजत नाही. खिडकीशी बसवेल आणि मुगाची खिचडी भरवेल. आणि ज्याला त्याला फोन करून सांगेल, आईची जीभ गेली म्हणून." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मला या घरातून हलायचं नाही, शैलजा."

मलाही त्यांना हलवायचं नव्हतं. पण ते त्यांना तोंडावर सांगणं आमच्या दोघींच्या पद्धतीत बसत नव्हतं. मी म्हटलं, "मग खा नीट. वाळून खारीक झालाय."

भाजी आणायला म्हणून निघून आम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. ते म्हणाले, बऱ्याच जणांची चव परत येते, वाट बघा. किती बघायची, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आता वाट बघणं हा माझा स्वभावच नाही. चहा उकळायची वाट बघतानासुद्धा मी ओटा पुसून घेते. मी प्रयोग सुरू केले.

बदलापूरला आमच्या सोसायटीमागच्या मैदानात दर रविवारी शेतकरी बाजार भरतो. मुरबाड-कर्जतकडची माणसं आपापला माल घेऊन येतात. आणि हर्षदची एक खोड आहे. त्याचे वडील शनिवारी संध्याकाळी किलोभर मटण आणायचे, म्हणून तोही आणतो. तेव्हा घरात खाणारी तोंडं आठ होती, आता तीन, त्यातलं एक जवळजवळ बंद. त्यामुळे रविवारी सकाळी फ्रिजमध्ये शिळं मटण आणि दारात ताजी भाजी, असा माझा कारभार चालायचा. आधी उरल्या मटणाचं काय करायचं ते आई ठरवायच्या. आता त्या म्हणायच्या, "तुला हवं ते कर."

मग मी केलं. फणसाच्या कोवळ्या कुयरीत मटण घातलं. अंबाडीच्या आंबट पाल्यात घातलं. केळफुलाच्या वड्यांत कोंबलं. सुरणाच्या टिक्क्यांत भरून कुरकुरीत तळलं. एकदा तर थालीपिठात थापलं. हर्षदला काही माहीत नव्हतं, तो बिचारा मुकाट खायचा. एका रविवारी ताटाकडं बघून म्हणाला, "शैलू, काल ज्याला खाल्लं त्याची आज ओळखसुद्धा पटत नाहीये."

आईंनी मात्र एक सवय लावून घेतली. कुठलाही नवा पदार्थ ताटात आला की पहिला घास त्या डोळे मिटून घ्यायच्या. मी ओट्यापाशी उभी राहून बघत असायचे. हर्षद उठून गेला की विचारायचे, "काय लागलं?"

"गरम."

"आणि?"

"कुरकुरीत होतं. दाताखाली आलं काहीतरी."

"ओळखलं का पण, काय होतं ते?"

त्या मान हलवायच्या. मी एकदा वैतागून कोल्हापुरी लवंगी मिरच्यांचा ठेचाच पुढं ठेवला. त्यांनी बोटभर खाल्ला, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि म्हणाल्या, "भाजलं. इस्त्रीचा चटका बसावा तसं. चटक्याला काय चव म्हणतात?" आणि वर, "पण छान झालाय हो." त्या 'छान'नं माझं डोकं फिरायचं. मी भांडी आपटायचे. आईंना वाटायचं मी त्यांच्यावर चिडले. मी कुणावर चिडले होते देव जाणे.

मे महिना संपत आला आणि मृणालताईंचा व्हिडिओ कॉल आला. आईंनी पदर गळ्यापर्यंत ओढून घेतला होता, तरी लेकीला दिसायचं ते दिसलंच.

"आई, तुझी हाडं दिसतायत! शैलजा कुठाय? शैलजा, काय चाललंय तुमच्याकडं? आईला जेवायला मिळतं ना?"

माझ्या ओठावर आलं होतं. आईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी म्हटलं, "मिळतं, ताई. उकाड्यानं जात नाही त्यांना."

"शनिवारी येते मी. रविवारी संध्याकाळच्या गाडीनं तिला घेऊन जाणार. सहा महिने राहू दे माझ्याकडं."

"मी कुठेही येणार नाही," आई म्हणाल्या.

"मग माझ्यासमोर ताट रिकामं करून दाखव. एक तरी जेवण पोटभर जेवलेली दिसलीस तर नाही नेणार. नाहीतर बॅग मी भरणार."

मृणालताई दुष्ट नाहीत, हं. शनिवारी आल्या तेव्हा आईंचा दंड हातात धरून त्यांना हुंदकाच फुटला. लेक ती. माझ्याकडं मात्र त्यांनी असं बघितलं की जणू मी म्हातारीला अडगळीच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. आणि मी काय बोलणार? तोंडाला कुलूप लावायचं वचन दिलेलं.

त्या बडोद्याला मटण-मासळी खात नाहीत, माहेरी आल्या की दोन हातांनी खातात. शनिवारी मी जीव ओतून मटण केलं. आईंनी चार घास घेतले. बाकी हाडं नुसती ताटात इकडून तिकडं फिरवली. डोळे मिटून घेतलेला पहिला घास मी बघितला आणि समजले की आजही काही नाही. मृणालताईंनी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "उद्या सकाळी भरते मी तुझी बॅग," त्या आईंना म्हणाल्या. हात धुवायला उठताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

सकाळी पलंगावर उघडी बॅग आणि तिच्यात आईंच्या चार साड्या. मला बघवेना. पिशवी उचलून मी बाजारात गेले. काही आणायचं म्हणून नाही, नुसतं घराबाहेर पडायचं म्हणून. आणि तिथं एका कोपऱ्यात, फाटक्या गोणपाटावर, मला शेवळं दिसली.

शेवळं म्हणजे जंगलातले कोंब, पावसाळ्याच्या तोंडाशी जेमतेम काही आठवडे मिळतात. जांभळट, तपकिरी, दिसायला काही खास नाहीत. पण कायस्थाला शेवळं दिसली की तो रस्त्यात गाडी थांबवतो. आई तर वेड्याच व्हायच्या. शेवळांच्या दिवशी स्वयंपाकघरात मला बंदी असायची. "हे नवशिक्याचं काम नाही," म्हणून त्या मला सरळ ऑफिसला पिटाळायच्या; तेव्हा मी नोकरी करायचे. संध्याकाळी मी यायचे तोवर भाजी शेवटाला आलेली असायची. कांदा, ओलं खोबरं आणि खिमा घालून परतताना मी कितीदा तरी बघितलं होतं. म्हटलं, त्यात काय मोठंसं! खिमा नाही, पण कालचं मटण आहे की. बारीक कापलं की झालं.

"दे गं चार जुड्या," मी म्हटलं.

बाईनं जुड्या दिल्या आणि बाजूच्या पानावरची हिरवी, आवळ्यांपेक्षा लहान फळं मुठीत घेऊन पुढं केली. "काकडं पण घ्या ताई. लागतात."

"नकोत."

"अवं, लागतात त्याच्यासंगं."

"नको म्हटलं ना! एक घ्यायला आलं की दुसरं गळ्यात मारायचं, हीच तुमची तऱ्हा."

तिनं खांदे उडवले आणि फळं परत पानावर टाकली. मी ताठ मानेनं घरी आले.

कुणाला काही सांगितलं नाही. वरची सालं काढली, आतला पिवळा भाग टाकला, बारीक चिरलं. हाताला जरा चुणचुण झाली. सुरणालाही होते, म्हणून हातांना चिंच चोळली आणि कामाला लागले. कालच्या मटणाचे लुसलुशीत तुकडे हाडांवरून सोडवले, सुरीनं खिम्यासारखे केले. कांदा मुळीच घाई न करता परतला. खोबरं कच्चं ठेवलं नाही. मीठ तीनदा चाखून घातलं असतं, पण तेवढ्यात मृणालताई वासानं आत आल्या आणि ते न चाखता, नुसत्या अंदाजानंच पडलं.

"शेवळं?" त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. "अगं, किती वर्षांनी! आईनं केली?"

"मी केली. पण त्यांना सांगू नका. ताटातच दिसू दे."

"तिला वास आलाच असेल की. आईला काय, पायरीवर वास येतो."

पलीकडच्या खोलीत आई पलंगावर बॅगेशेजारी बसल्या होत्या. घरभर शेवळांचा वास कोंदला होता आणि त्यांना त्याची गंधवार्ता नव्हती.

जेवायला चौघं बसलो. ताटात ती भाजी साध्या खिम्यासारखीच दिसत होती. आईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. पोळीचा तुकडा मोडला, घास केला, आणि डोळे मिटले.

"वा!" हर्षद म्हणाला. "शेवटी मटणाला न्याय मिळाला." आणि त्यानं मोठा घास भरला. मृणालताईंचा तर दुसरा घास चालू होता.

आधी हर्षद थांबला. त्यानं घशावर हात नेला. मग मृणालताईंनी पाण्याचा ग्लास उचलला, घटाघट प्यायल्या आणि आणखीच खोकायला लागल्या. तोवर माझ्याही जिभेला कळलं. घशात कुणीतरी मूठभर कुसळं पेरावीत तसं झालं. ओठ, जीभ, टाळू, सगळीकडं नुसती खाज.

"शैलजा!" मृणालताई उभ्याच राहिल्या. "काय घातलंयस काय यात? हर्षद, बघितलंस? हे असलं खायला घालते ही आईला! आई, थुंक ते. थुंक आधी!"

आम्ही तिघांनी आईंकडं बघितलं.

आईंचे डोळे मिटलेलेच होते. जबडा हळूहळू हलत होता. त्यांनी घास गिळला. हात गळ्याकडं गेला, तिथंच थांबला. मग भुवया वर गेल्या.

"शेवळं," त्या म्हणाल्या.

मृणालताईंनी ग्लास खाली ठेवला.

"शेवळं आहेत ही." त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं असं बघितलं की बस. "काकडं नाही घातलीस? अगं गाढवे! काकडांशिवाय शेवळं करतात का कुणी? वीस वर्षं काय झोपा काढल्यास माझ्या स्वयंपाकघरात? काकडं वाटून घातल्याशिवाय त्यांची खाज मरत नाही. माझ्या माहेरी पेणला चार वर्षांच्या पोरीला विचार, ती सांगेल! मूर्ख कुठली! सगळ्या घराचा घसा सोलून काढलास!"

माझ्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहायला लागलं. घसा जळत होता आणि मी हसत होते. महिनोन् महिने वाट बघितली होती मी या शिव्यांची. आणि त्या बोलता बोलता दुसरा घास करत होत्या.

"आई, वेडी झालीस का?" मृणालताई ओरडल्या. "खाजतंय ना ते!"

"खाजतंय म्हणून तर खातेय!" आई म्हणाल्या. "डोळे मिटून ओळखलं मी. लहानपणी आम्ही पैज लावून कच्चं शेवळं चावायचो, अगदी हीच खाज. शैलजा, ओळखलं की नाही मी?"

"ओळखलंत, आई."

"कुणी सांगितलं होतं मला?"

"कुणी नाही."

मृणालताई एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होत्या. मग आईंनीच सांगितलं. अगदी सरळ, भाजीचा भाव सांगावा तसं. "मला चव लागत नाही, मृणाल. वासही येत नाही. फेब्रुवारीच्या तापापासून. हिला माहीत आहे. मीच तिला गप्प बसवलं होतं."

मृणालताई खुर्चीत बसल्या. "मला का नाही सांगितलंस?"

"तू रडत बसली असतीस."

"मग? रडू नको? आई आहेस ना माझी?"

"रड की. पण मला रडणारं माणूस नको होतं गं समोर. ही रडत नाही. ही प्रयोग करते माझ्यावर. बकऱ्याचं काय काय केलंय हिनं, विचार तुझ्या भावाला."

हर्षद घसा धरून म्हणाला, "मला आत्ता कळतंय ते का चाललं होतं."

मग आई उठल्या. भिंतीला हात न लावता उठल्या. किती महिन्यांनी त्यांचं पाऊल हुकूम सोडायला स्वयंपाकघरात पडलं. आमसुलं भिजत घातली, सगळ्यांना ते आंबट पाणी प्यायला लावलं, हर्षदला बाजारात काकडं आणायला पळवलं. तो परत आला आणि म्हणाला, "ती बाई विचारत होती, घरातले सगळे बरे आहेत ना. खूप हसली." मग आईंनी मला पाट्यापाशी बसवून काकडं ठेचायला, बिया काढायला, वाटायला शिकवलं. दर दोन मिनिटांनी एक शिवी. तेव्हापासून आजपर्यंत काकडांशिवाय शेवळं मी केली नाहीत, एका वाटीपुरती सोडून.

ती वाटी त्याच दिवशी पहिल्यांदा काढली. वाटलेली काकडं कढईत पडायच्या आधी मी गुपचूप एक वाटी भाजी काढून ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवली. का ठेवली, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. नुसतं वाटलं, असू दे.

भाजी परत शिजली. परत चौघं बसलो. मृणालताईंनी भीत भीत घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. "अगदी तशीच," त्या म्हणाल्या. "आई, अगदी तुझ्यासारखी." हर्षदनं तर मान वर केली नाही.

आईंनी डोळे मिटून घास घेतला. चावला. आणखी चावला. मी त्यांच्या कपाळाकडं बघत होते. भुवया हलल्या नाहीत. नीट केलेली भाजी, खाज मेलेली, सगळं जिथल्या तिथं, आणि त्यांच्या तोंडात पुन्हा तो ओला कागद. त्यांनी डोळे उघडले, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या, "छान झालंय."

मी उठले, कोपऱ्यातली वाटी आणली आणि त्यांच्या ताटात पालथी केली.

"हे काय?"

"बिनकाकडाची. खा."

"शैलजा, काय चालवलंयस?" मृणालताई म्हणाल्या. "त्रास होईल तिला."

"होऊ दे," आई म्हणाल्या आणि घास घेतला. थोडा वेळ गेला. मग त्यांचा हात गळ्याकडं गेला आणि चेहरा उजळला. दुसरा घेतला. मध्येच खाकरायच्या, आमसुलाच्या पाण्याचा घोट घ्यायच्या, पुन्हा पोळी मोडायच्या. मृणालताई बघत राहिल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांची आई समोर बसून जेवत होती. नाक पुसत, खोकत, पण जेवत होती. मग मृणालताई उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. त्या आईंच्या साड्या परत लावत होत्या.

मी आईंच्या ताटाला हात घातला आणि त्यातलाच एक घास घेतला.

"तू कशाला खातेस? खाजेल."

"खाजू दे."

आम्ही दोघी एकाच ताटात खात होतो, दोघींचे डोळे गळत होते. ताट जवळजवळ रिकामं झालं तेव्हा आई थांबल्या. हर्षद हात धुवायला गेला होता. त्यांनी माझ्याकडं वाकून हळूच विचारलं,

"शैलजा, खरं सांग. मीठ कसं आहे?"

मी शेवटचा घास जिभेवर घोळवला. खाजेच्या पलीकडं जाऊन नीट बघितलं.

"पाव चिमूट कमी आहे, आई."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या.